‘नटक्रॅकर’ बॅलेची पाठपरंपरा आणि शिकागोचा नवा पाठ (१८९२–२०१६)

इ. स. १८९२ च्या ऑक्टोबर महिन्यात शिकागो येथील ऑडिटोरियम नाट्यगृहात थिओडोर थॉमस यांच्या संचालनाखाली तेथील वाद्यवृंदाने प्योत्र इल्यिच चायकोव्हस्की यांच्या ‘नटक्रॅकर’ या बॅलेतील निवडक संगीतखंडांची मालिका वाजविली. अमेरिकेत हे संगीत प्रथमच ऐकले जात होते. आणि ज्या बॅलेसाठी ते रचले गेले होते, तो बॅले तोवर रंगभूमीवर आलाही नव्हता. त्याचा पहिला प्रयोग सेंट पीटर्सबर्ग येथील मारीइन्स्की नाट्यगृहात १८ डिसेंबर १८९२ रोजी (जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे ६ डिसेंबर) झाला. त्यानंतर १२४ वर्षांनी, १० डिसेंबर २०१६ रोजी, शिकागोच्या त्याच नाट्यगृहात त्या शहराची म्हणून ओळखली जाणारी जॉफ्री बॅले ही संस्था या बॅलेचा एक नवा अवतार घेऊन उभी राहिली. त्याचे कथानक तिने १८९२ च्या नाताळातील शिकागोत नेऊन ठेवले होते. संगीत तेच; परंतु स्थळ, कुटुंब, स्वप्न आणि नर्तकीची भूमिका ही सर्व निराळी झाली होती.

एखादी कृती इतकी बदलल्यावर ती तीच कृती राहते काय, असा प्रश्न अशा प्रसंगी साहजिकच उपस्थित होतो. ग्रंथाच्या बाबतीत हा प्रश्न पाठचिकित्सेच्या पद्धतीने सोडविता येतो. उपलब्ध पोथ्यांवरून मूळ संहितेकडे जाण्याचा मार्ग आखता येतो. नृत्याच्या बाबतीत तो मार्ग फार लवकर खुंटतो. ‘नटक्रॅकर’च्या संदर्भात तर आणखी एक अडचण आहे. या कृतीच्या मूळ घडणीतच एक सांधा कच्चा राहून गेला होता, आणि तिच्या पुढील सर्व महत्त्वाच्या पाठांचा इतिहास म्हणजे तो सांधा जोडण्याच्या प्रयत्नांचा इतिहास होय. शिकागोचा पाठ याच मालिकेत बसतो. त्याचे नावीन्य कशात आहे आणि त्याची मर्यादा कोठे आहे, हे त्या दृष्टीने पाहिल्यासच नीट ध्यानात येते.

१. कथेचा प्रवास : नामांची साक्ष

या कथेचा उगम ई. टी. ए. हॉफमन या जर्मन लेखकाच्या १८१६ साली बर्लिन येथे प्रसिद्ध झालेल्या ‘नुसक्नाकर उंड माउझेक्योनिग’ (अक्रोडफोड्या आणि उंदरांचा राजा) या दीर्घ कथेत आहे. नाताळच्या सायंकाळी श्टालबाउम कुटुंबातील मारी या मुलीला अक्रोड फोडणारा एक लाकडी बाहुला मिळतो. रात्री खेळणी सजीव होतात. उंदरांच्या सात डोक्यांच्या राजाशी युद्ध जुंपते. आणि अखेरीस तो कुरूप बाहुला राजपुत्र ठरतो. मारी आणि फ्रिट्स ही भावंडांची नावे हॉफमनने आपला मित्र हित्सिग याच्या मुलांवरून घेतली होती. म्हणजे कथेचा आरंभच एका परिचित घरातून होतो.

शीर्षकाच्या भाषांतरांकडे पाहिले तर कथेचा प्रवास स्पष्ट दिसतो. जर्मन नामात कवचीचे फळ आणि ते फोडण्याची क्रिया ही दोन्ही अंगे आहेत. फ्रेंचमध्ये ‘कास-न्वाझेत’ असे रूप होताना कोणतेही कवचीफळ न राहता ते विशिष्ट ‘हेझलनट’ झाले. रशियन भाषेतील ‘श्चेल्कुनचिक’ या नामात तर फळाचा निर्देशच नाही. कट्‌कन आवाज करण्याचा अर्थ असलेल्या धातूपासून ते साधले असून त्याला लघुत्व व लाड दर्शविणारा प्रत्यय जोडला आहे. साधनवाचक नाम अशा रीतीने लाडक्या बाहुल्याचे नाव बनले. मराठीत ‘अडकित्ता’ हा शब्द जवळचा वाटला तरी त्याने केवळ साधनाचा बोध होतो. दाढीमिशांचा, मोठ्या जबड्याचा जर्मन लाकडी शिपाई त्यातून डोळ्यांपुढे उभा राहत नाही.

व्यक्तिनामांची साक्ष याहून अधिक मोलाची आहे. आलेक्सांद्र द्यूमा (ज्येष्ठ) याने १८४४ साली ही कथा फ्रेंचमध्ये आपल्या पद्धतीने सांगितली, तिच्यातील गूढ व भयप्रद अंश सौम्य केला आणि कुटुंबाचे आडनाव ‘श्टालबाउम’ऐवजी ‘सिल्बरहाउस’ असे केले. १८९२ च्या बॅलेत कुटुंबाचे नाव सिल्बरहाउस असेच आहे. यावरून बॅलेची संहिता हॉफमनच्या कथेवरून थेट न उतरता द्यूमाच्या पाठावरून उतरली, हे निश्चित होते. बॅलेतील मुलीचे नाव मात्र ‘क्लारा’ झाले. हॉफमनच्या कथेत ‘क्लेर्खेन’, म्हणजे छोटी क्लारा, हे मारीच्या एका बाहुलीचे नाव आहे. बाहुलीचे नाव मुलीकडे जावे ही अदलाबदल वरवर किरकोळ दिसते. परंतु कथेतील मारी स्वतः निर्णय घेते, बाहुल्यासाठी आपली प्रिय खेळणी व मिठाई उंदरांच्या राजाला देऊन टाकते, तर बॅलेतील क्लारा दुसऱ्या अंकात केवळ प्रेक्षक म्हणून बसून राहते. हे ध्यानी घेतले म्हणजे नामांतर आणि भूमिकांतर यांची दिशा एकच असल्याचे जाणवते.

२. मूळ प्रयोग आणि त्यातील कच्चा सांधा

बॅलेचा कथाबंध सम्राटाच्या नाट्यगृहांचे संचालक इव्हान व्सेवोलोझ्स्की आणि नृत्यरचनाकार मारिउस पेतिपा यांनी तयार केला. ‘निद्रिस्त सुंदरी’च्या (१८९०) यशानंतर चायकोव्हस्कीकडून आणखी एक बॅले घ्यावा, हा व्सेवोलोझ्स्कींचा आग्रह होता. कोणत्या प्रसंगाला किती मात्रांचे व कोणत्या भावाचे संगीत हवे, याच्या तपशीलवार सूचना पेतिपाने लिहून दिल्या होत्या. हॉफमनच्या कथेतील उपकथा, जिच्यामुळे बाहुला हा शापित तरुण आहे हे कळते, ती या कथाबंधात गळाली. तिच्याबरोबर कारणपरंपराही गळाली. पहिल्या अंकात नाताळचा समारंभ, युद्ध आणि हिमवर्षाव. दुसऱ्या अंकात मिठाईच्या नगरीतील नृत्ये. आणि या दोहोंना जोडणारे नाट्य जवळजवळ नाही, अशी ही रचना होती.

संगीतकाराचे त्या काळातील चरित्रही विचारात घेण्याजोगे आहे. १८९१ च्या वसंतात, बॅलेचे काम अर्धवट असताना, चायकोव्हस्की पॅरिसमार्गे अमेरिकेस निघाले. पॅरिसमध्येच त्यांना आपली बहीण आलेक्सांद्रा हिच्या मृत्यूची वार्ता कळली. ५ मे १८९१ रोजी न्यू यॉर्क येथील नव्या संगीतगृहाच्या, म्हणजे आज ‘कार्नेगी हॉल’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या वास्तूच्या, उद्घाटन-समारोहात त्यांनी वाद्यवृंदाचे संचालन केले. परतल्यावर त्यांनी बॅले पुरा केला. याच प्रवासात पॅरिसमध्ये त्यांना सेलेस्टा हे घंटानादासारखा स्वर देणारे नवे वाद्य आढळले. ते गुप्तपणे मागवावे, रिम्स्की-कोर्साकोव्ह व ग्लाझुनोव्ह यांना त्याची कुणकुण लागू नये, असे त्यांनी आपल्या प्रकाशकाला कळविले होते. शर्करापरीच्या एकलनृत्यात हाच स्वर ऐकू येतो. मात्र त्याच परीच्या युगुलनृत्याचे संगीत एका उतरत्या स्वरसप्तकावर उभे आहे. त्यातील गांभीर्य मिठाईच्या नगरीत कोठून आले, याचे उत्तर कथानकात सापडत नाही. अनेक अभ्यासकांनी ते बहिणीच्या मृत्यूशी जोडले आहे. हे अनुमान ग्राह्य मानले नाही तरी संगीत आणि कथानक यांच्या वजनातील विषमता कायम राहतेच.

पेतिपा आजारी पडल्याने नृत्यरचनेची जबाबदारी त्याचा सहायक लेव्ह इव्हानोव्ह याच्याकडे आली. क्लाराची भूमिका नृत्यशाळेतील एका बालविद्यार्थिनीने केली आणि शर्करापरीची भूमिका आंतोनिएत्ता देल्लेरा या इटालियन नर्तकीने. त्याच सायंकाळी चायकोव्हस्कींचा ‘इओलांता’ हा एकांकी ऑपेराही सादर झाला. संगीताची प्रशंसा झाली. बॅलेची फारशी झाली नाही. पहिल्या अंकात मुलांचीच गर्दी आहे, प्रमुख नर्तकी दुसऱ्या अंकापर्यंत दिसतच नाही आणि दिसते तेव्हा तिला नाचावयास फारसे मिळत नाही, असे आक्षेप समीक्षकांनी घेतले.

या आक्षेपांचे मूळ एकच आहे. ज्या मुलीचे स्वप्न, ती नाचत नाही. आणि जी नाचते, तिचा त्या मुलीशी काही संबंध नाही. नायिका आणि नर्तकी या दोन निरनिराळ्या व्यक्ती आहेत. वर ज्याला कच्चा सांधा म्हटले तो हाच.

इव्हानोव्हची रचना तरी संपूर्ण उपलब्ध आहे काय? स्तेपानोव्हच्या चिन्हपद्धतीने तिचे काही लेखन झाले होते. ते कागद निकोलाय सेर्गेयेव्ह याने क्रांतीनंतर रशियाबाहेर नेले आणि आज ते हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्यांच्या आधारे १९३४ साली लंडनमध्ये प्रयोगही झाला. परंतु हे लेखन अपुरे आहे. तात्पर्य, ‘नटक्रॅकर’ची स्थिर संहिता म्हणता येईल अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे चायकोव्हस्कींचे स्वरलेखन. बाकी सर्व पाठांतर होय.

३. मॉस्को, लेनिनग्राड, न्यू यॉर्क

कच्च्या सांध्याचा पहिला उपाय रशियातच झाला. आलेक्सांद्र गोर्स्की याने १९१९ मध्ये मॉस्को येथे शर्करापरीची नृत्ये क्लाराला दिली. वासिली वायनोनेन याने १९३४ मध्ये लेनिनग्राड येथे हीच दिशा पक्की केली. त्याच्या पाठात नायिका स्वप्नात प्रौढ होते आणि अखेरचे युगुलनृत्य तीच करते. तिचे नाव ‘माशा’ आहे. हे ‘मारिया’चे लाडके रूप. अशा रीतीने हॉफमनची मारी रशियन वेशात आपल्या जागी परत आली. या उपायाने नायिका व नर्तकी एक झाल्या. पण त्याची किंमत अशी की, बालकाचे स्वप्न तरुणीच्या प्रणयस्वप्नात रूपांतरित झाले.

अमेरिकेत पूर्ण बॅलेचा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९४४ रोजी विल्यम क्रिस्टेन्सन यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे केला. त्याआधी डिस्नेच्या ‘फँटेशिया’ (१९४०) या चित्रपटातून त्यातील संगीत घरोघर पोचले होते. परंतु नाताळचा वार्षिक विधी म्हणून या बॅलेची प्रतिष्ठापना केली ती न्यू यॉर्क सिटी बॅलेच्या जॉर्ज बॅलंशिन यांनी. त्यांच्या पाठाचा पहिला प्रयोग २ फेब्रुवारी १९५४ रोजी झाला, म्हणजे नाताळ उलटून गेल्यावर! बॅलंशिन हे मारीइन्स्कीच्या नृत्यशाळेचे विद्यार्थी असून बालपणी त्यांनी या बॅलेत भूमिका केल्या होत्या. त्यांनी मुलांची भूमिका मुलांकडेच ठेवली, नायिकेला पुन्हा ‘मारी’ म्हटले आणि सांधा तसाच राहू दिला. केवळ एक सूक्ष्म बदल त्यांनी केला. शर्करापरीचे एकलनृत्य त्यांनी शेवटून उचलून दुसऱ्या अंकाच्या आरंभी आणले, जेणेकरून ती यजमानीण म्हणून आधीच परिचित व्हावी. १९५७ व १९५८ च्या दूरचित्रवाणी-प्रक्षेपणांनंतर गावोगावच्या संस्थांनी हा बॅले स्वीकारला. अमेरिकेतील बहुतेक संस्थांच्या वार्षिक तिकीटविक्रीचा फार मोठा भाग आज या एकाच कृतीतून येतो. बदल करण्याचे धाडस त्यामुळे कलात्मक जितके, तितकेच आर्थिकही ठरते.

४. संस्था, शहर आणि प्रदर्शन

जॉफ्री बॅलेची स्थापना १९५६ साली रॉबर्ट जॉफ्री व जेराल्ड आर्पिनो यांनी न्यू यॉर्कमध्ये केली. १९९५ मध्ये संस्था शिकागोस आली. रॉबर्ट जॉफ्री यांनी १९८७ मध्ये, मृत्यूपूर्वी काही महिने, आपला ‘नटक्रॅकर’ रचला होता. त्याचे कथानक एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेतील सुखवस्तू घरात घडत असे. २०१५ पर्यंत तो पाठ चालला. त्यानंतर कलासंचालक ॲशली व्हीटर यांनी इंग्रज नृत्यरचनाकार ख्रिस्तोफर व्हील्डन यांच्याकडे नव्या पाठाची कामगिरी सोपविली. कथानक ब्रायन सेल्झनिक या बालसाहित्यकाराने, नेपथ्य व वेशभूषा ज्युलियन क्राउच यांनी आणि बाहुल्यांचे काम बेसिल ट्विस्ट यांनी केले. आयोवा सिटी येथील आरंभीच्या प्रयोगांनंतर तो शिकागोत आला.

नव्या पाठाचे स्थळ म्हणजे कोलंबसच्या अमेरिका-प्रवासाच्या चतुःशताब्दीनिमित्त भरलेले जागतिक प्रदर्शन. मिशिगन सरोवराच्या काठी जॅक्सन पार्क येथे डॅनियल बर्नहॅम यांच्या मार्गदर्शनाखाली ते उभारले गेले. भूमिरचना फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांची होती. १ मे ते ३० ऑक्टोबर १८९३ या काळात सुमारे २ कोटी ७० लाख प्रवेशांची नोंद झाली. २६४ फूट उंचीचे, प्रत्येकी ६० माणसे मावणारे ३६ डबे असलेले फेरिस यांचे चक्र २१ जूनला फिरू लागले. मुख्य वास्तूंच्या शुभ्र रंगामुळे त्या परिसराला ‘श्वेतनगरी’ हे नाव पडले. वस्तुतः हे प्रासाद संगमरवराचे नव्हते. सांगाड्यावर प्लास्टर व ताग यांच्या मिश्रणाचा लेप देऊन ते उभे केले होते. प्रदर्शन संपल्यावर वर्ष उलटण्यापूर्वीच, जुलै १८९४ मध्ये, त्यांपैकी बहुतेक आगीत नष्ट झाले.

कालगणनेचा योग येथे लक्षणीय आहे. बॅलेचा पहिला प्रयोग आणि प्रदर्शनाचे उद्घाटन यांत साडेचार महिन्यांचेही अंतर नाही. प्रदर्शन बंद झाल्यावर एका आठवड्याच्या आत, ६ नोव्हेंबर १८९३ रोजी, चायकोव्हस्की निधन पावले. दोन्ही गोष्टी एकाच जगाच्या आहेत. व्हील्डन यांनी ओढूनताणून जोडलेल्या नाहीत.

५. नवा पाठ : स्वप्न आणि श्रम

शिकागोच्या पाठात मारीचे घर सुखवस्तू नाही. ती एका स्थलांतरित मूर्तिकार स्त्रीची मुलगी आहे. प्रदर्शनाच्या बांधकामाच्या जागीच, कामगारांच्या वस्तीतील एका खोपटात त्यांचे बिऱ्हाड आहे. सिल्बरहाउस, म्हणजे शब्दशः ‘रुप्याचे घर’. तेथून ही कथा खोपटात उतरते. नाताळची मेजवानी कामगारांची आहे. कथेतील गूढ पाहुणा द्रोसेलमायर याच्या जागी प्रदर्शनाचा महानियोजक येतो, आणि मारीचे स्वप्न तिला मिठाईच्या नगरीत न नेता अजून पुरे न झालेल्या श्वेतनगरीत नेते.

हा बदल प्रथमदर्शनी फार मोठा वाटतो. परंतु साखरेची नगरी आणि प्लास्टरची नगरी यांत तत्त्वतः अंतर कमी आहे. दोन्ही शुभ्र, दोन्ही देखण्या आणि दोन्ही न टिकणाऱ्या. भेद आहे तो स्वप्न पाहणाऱ्या मुलीच्या स्थितीत. मिठाईचे राज्य हे पोट भरलेल्या मुलाचे स्वप्न आहे. ते कोणी तयार केले हा प्रश्न त्यात उद्भवत नाही. श्वेतनगरी मात्र मारीच्या आईच्या व शेजाऱ्यांच्या हातांनी घडत आहे. स्वप्नाला श्रमाचा आधार मिळतो.

बॅलेतील आई प्रदर्शनातील ‘रिपब्लिक’ची भव्य सुवर्णमूर्ती घडवीत असते. ऐतिहासिक दृष्ट्या ही ६५ फूट उंच मूर्ती डॅनियल चेस्टर फ्रेंच या शिल्पकाराची होती. तिची २४ फुटी प्रतिकृती १९१८ पासून जॅक्सन पार्कमध्ये उभी आहे. पुरुष शिल्पकाराच्या जागी स्त्री आणणे हा कल्पनेचा स्वैराचार म्हणता येईल. परंतु तो निराधार नाही. उद्यानविद्येच्या वास्तूवरील शिल्पे वेळेत पुरी करण्यासाठी लोराडो टाफ्ट यांना स्त्री-सहायक हव्या होत्या. बर्नहॅम यांची संमती विचारली असता, काम होत असेल तर पांढरे ससेही कामाला लावा, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले आणि त्या स्त्रिया ‘पांढरे ससे’ या नावानेच ओळखल्या जाऊ लागल्या. स्त्रियांच्या दालनाची वास्तू सोफिया हेडन या तरुण स्त्री-वास्तुशास्त्रज्ञाने आखली होती. इतिहासात ज्यांची ओळख एका थट्टेच्या नावापुरती उरली, त्यांना बॅलेतील आईच्या रूपाने मध्यवर्ती स्थान मिळाले आहे.

परंतु नव्या पाठाचे खरे योगदान याहून पुढे आहे. मारीच्या स्वप्नात शर्करापरीच्या जागी ‘प्रदर्शनाची राणी’ येते. ती त्या सुवर्णमूर्तीचे सजीव रूप असून आईची भूमिका करणारी नर्तकीच ती भूमिका करते. शेवटचे युगुलनृत्य ही राणी व महानियोजक करतात. मारी १८९२ च्या क्लाराप्रमाणेच ते पाहत राहते. रचना मूळचीच आहे. मुलगी पाहते, नर्तकी नाचते. मात्र आता पाहणारी आणि नाचणारी यांच्यात नाते आहे. मुलगी आपल्या आईला पाहत आहे. श्रमांतून मुक्त झालेली, स्वतःच घडविलेल्या मूर्तीच्या तेजाने झळकणारी आई.

सांध्याच्या उपायांची तुलना करता येथे एक गोष्ट उघड होते. वायनोनेनने नायिकेला नर्तकी केले. त्यासाठी तिचे बालपण खर्ची पडले. बॅलंशिन यांनी बालपण राखले. त्यासाठी भंग पत्करला. व्हील्डन व सेल्झनिक यांनी नर्तकीला नायिकेची आई केले, त्यामुळे बालपणही राहिले आणि भंगही उरला नाही. युगुलनृत्याच्या उतरत्या स्वरसप्तकातील गांभीर्य, जे मिठाईच्या नगरीत अनाथ होते, त्याला प्रथमच कथेत आश्रय मिळाला. ज्या पाठाने मूळ कथानकाला सर्वांत अधिक धक्का दिला, तोच मूळ संगीताच्या अधिक जवळ गेला, असे म्हणावयास त्यामुळे आधार आहे.

६. देशोदेशींची नृत्ये : पाठाची मर्यादा

दुसऱ्या अंकातील रंजननृत्यांकडे वळले असता चित्र इतके निर्दोष राहत नाही. १८९२ च्या संहितेत चॉकलेट म्हणजे स्पेन, कॉफी म्हणजे अरबस्थान आणि चहा म्हणजे चीन, असे समीकरण आहे. देश हा त्याच्या जिनसेवरून ओळखावयाचा. या नृत्यांत त्या त्या देशाचे संगीत असेल अशी अपेक्षा केल्यास निराशा होईल. ‘अरबी’ नृत्याची सुरावट एका जॉर्जियन अंगाईगीतावर आधारलेली आहे. म्हणजे येथे देश नव्हे, तर देशांविषयीच्या दरबारी कल्पना नाचतात.

शिकागोच्या प्रदर्शनाचे ‘मिडवे’ हे उपांग याच वृत्तीचे मोठ्या प्रमाणावरील रूप होते. तेथे कैरोचा रस्ता होता, जावाचे खेडे होते, दाहोमेचे खेडे होते आणि त्यांत त्या त्या प्रदेशांतून आणलेली माणसे होती. व्हील्डन यांनी रंजननृत्यांना प्रदर्शनातील दालनांचे रूप दिले तेव्हा त्यांनी संहितेतील सुप्त अर्थच उघड केला. दुसरा अंक हा मुळातच एक छोटे जागतिक प्रदर्शन होता. रशियन त्रेपाकच्या संगीतावर आता बफेलो बिल आणि त्याचा ताफा नाचतो. ऐतिहासिक बफेलो बिलला प्रदर्शनात जागा नाकारण्यात आली होती आणि त्याने शेजारची जमीन भाड्याने घेऊन आपला खेळ लावला होता. बॅलेने त्याला आत घेतले आहे.

ज्यांना बॅलेनेही आत घेतले नाही, त्यांचा विचार येथे आवश्यक ठरतो. कृष्णवर्णीय अमेरिकनांना प्रदर्शनाच्या योजनेतून वगळल्याचा निषेध करणारी पुस्तिका आयडा बी. वेल्स यांनी फ्रेडरिक डग्लस प्रभृतींच्या सहकार्याने १८९३ मध्ये काढली व ती प्रदर्शनाच्या आवारातच वाटली. १८९३ च्या आर्थिक अरिष्टाने हजारो कामगार बेकार झाले. पुढील वर्षीच पुलमन कारखान्याच्या संपाने शहर हादरले. मारीच्या शेजाऱ्यांचे उद्याचे जग हे आहे. नाताळच्या बॅलेने इतका भार उचलावा काय, हा वादाचा प्रश्न आहे. परंतु इतिहासाचा आधार घेणाऱ्या पाठाला इतिहासाने विचारलेल्या प्रश्नांतून संपूर्ण सुटका मिळत नाही.

याच प्रदर्शनाच्या निमित्ताने ११ सप्टेंबर १८९३ पासून भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांची भाषणे झाली, हे सर्वश्रुत आहे. त्याच व्यासपीठावर मुंबईहून ब्राह्म मताचे बी. बी. नागरकर आणि जैन मताचे वीरचंद गांधी हेही बोलले होते. एकाच शहरात, एकाच वर्षी, पौर्वात्य देशांतील काही माणसे बोलण्यासाठी आली होती आणि काही पाहिली जाण्यासाठी आणली गेली होती. ‘नटक्रॅकर’च्या दुसऱ्या अंकाने त्यांपैकी दुसऱ्या प्रकाराचीच स्मृती जतन केली आहे. अलीकडे याची जाणीव वाढली असून २०१७ मध्ये न्यू यॉर्क सिटी बॅलेने चिनी नृत्यातील व्यंगचित्रवजा रंगभूषा व हावभाव बदलले. बॅलंशिन यांचा पाठही अपरिवर्तनीय राहिलेला नाही, हे त्यावरून दिसते.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, ‘नटक्रॅकर’च्या बाबतीत ‘मूळ’ हा शब्द केवळ स्वरलेखनाला लावता येतो. १८९२ चा प्रयोग हा स्वतःच तिसऱ्या हाताचा पाठ होता. हॉफमनवरून द्यूमा, द्यूमावरून पेतिपा-इव्हानोव्ह. दुसरी अशी की, या कृतीच्या दीर्घायुष्याचे कारण तिच्या पूर्णतेत नसून अपूर्णतेत आहे. नायिका व नर्तकी यांमधील रिकामी जागा प्रत्येक शहराला भरावीशी वाटली. लेनिनग्राडने तेथे यौवन ठेवले, न्यू यॉर्कने बालपण आणि शिकागोने श्रम करणारी आई. तिसरी अशी की, पाठाची योग्यता तो जुन्या प्रयोगाशी किती जुळतो यावर न ठरविता, संगीतात जे आहे आणि कथेत जे नव्हते ते त्याने किती प्रमाणात जोडले, यावर ठरविणे अधिक सयुक्तिक होय. या कसोटीला शिकागोचे युगुलनृत्य उतरते. रंजननृत्ये तितकी उतरत नाहीत.

राहता राहिला नाट्यगृहाचा योग. ॲडलर व सलिव्हन यांनी बांधलेले ऑडिटोरियम नाट्यगृह १८८९ मध्ये उघडले. थॉमस यांच्या वाद्यवृंदाने हे संगीत अमेरिकेला प्रथम ऐकविले ते तेथे, आणि १८९२ च्या शिकागोची ही कल्पित कथा शहराला प्रथम दिसली तीही तेथेच. जॉफ्री बॅलेने २०२१ पासून आपले प्रयोग शहरातील ऑपेरागृहात हलविले. त्यामुळे १८९२ चे संगीत, १८९२ चे कथानक आणि त्या संगीताच्या पहिल्या श्रवणाची साक्षीदार वास्तू, ही तिन्ही एकत्र आली ती २०१६ ते २०१९ या चार हंगामांपुरतीच. नृत्याच्या इतिहासात वास्तू, वर्ष आणि प्रयोग यांची नोंद प्रत्येक पाठाबरोबर का ठेवावयास हवी, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळेल.